कॅरिअरवर राहिलेलं बुक

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे लाखोरी खुडली. माघातली संध्याकाळ होती. शहापूरला दिलेल्या पोरीच्या घरून पोतंभर लाखोरी आली होती, धान कापल्यावर बांधीत, म्हणजे त्याच शेतात, वाढते ती भाजी. अंगणात पोतं उलटं केलं आणि दोघं दोन बाजूंनी बसलो. कोवळे शेंडे टोपल्यात, जून देठ बाजूला. मी खुडलेलं ती पुन्हा खुडत होती. चाळीस वर्षांत माझ्या हातचं कोणतंच काम तिला एका वेळेत पसंत पडलं नाही.

तिच्या मांडीला लागून पाटावर ते जाड बुक उघडं होतं. पान उडू नये म्हणून त्यावर अडकित्ता ठेवलेला. चार शेंडे खुडायचे, एक ओळ वाचायची, असं तिचं चाललं होतं. मग तिचे हात थांबले.

"अवो, आयकता का? सापडलं."

"काय सापडलं?"

"घर."

मी म्हणालो, "भाजी खुड."

"तिसरा साक्षीदार भेटला जी. उद्या जाऊ."

"अन् उद्या सायकल स्टँडवर कोण बसन?"

"कुलूप बसन," ती म्हणाली आणि पुन्हा खुडायला लागली.

लाखोरीची भाजी आणि भात खाऊन आम्ही झोपलो. सकाळी मी चूल पेटवली, पाणी ठेवलं, हाक मारली. ती उठली नाही. हात लावून पाहिला तर गार. याच्यापेक्षा जास्त मला त्याबद्दल लिहिता येत नाही.

तिचं नाव मी लिहिणार नाही. तिनं माझं कधी घेतलं नाही, मी तिचं घेतलं नाही. आता कागदावर घेऊन काय करू?

वरठी स्टेशनच्या बाहेर माझं सायकल स्टँड आणि पंक्चरचं दुकान. मी चौथी शिकलो, ती तिसरी. तिचं माहेर गोबरवाहीकडचं, जंगलाच्या बाजूचं. स्टँडचा हिशेब सोपा. माणूस सायकल ठेवतो, पत्र्याचा बिल्ला घेतो, गाडीत बसतो. परत आला की बिल्ला देतो, सायकल नेतो. आणीबाणीच्या आधीची गोष्ट असेल. एका शनिवारी एका माणसानं सायकल ठेवली, बिल्ला घेतला आणि तो परत आलाच नाही. तीन-चार वेळाच आलेला माणूस, शनिवारी ठेवून सोमवारी नेणारा. पातळ, कानामागं पेन्सिल. वर जाणाऱ्या गाडीत बसला की खाली जाणाऱ्या, ते मी पाहिलं नाही. गर्दी होती.

कॅरिअरला पिशवी बांधलेली होती. महिनाभर वाट पाहून चौकीत लिहून दिलं, मग पंचांसमोर पिशवी सोडली. जेवणाचा डबा, एक दुपट्टा आणि हे बुक. इंग्रजी शब्दाचा मतलब इंग्रजीतच सांगणारं. पहिलं पान फाटलेलं, त्यामुळे नाव नाही, गाव नाही. पण आत जागोजागी शब्दाच्या बाजूला, वर, खाली, जिथं कोरी जागा मिळाली तिथं पेन्सिलीनं बारीक इंग्रजी लिहिलेलं.

मी म्हणालो, "पळाला असन कुठं. कर्ज असन, नाहीतर दुसरी बाई."

ती म्हणाली, "तुमाले कोणी सांगितलं?"

"सांगाले कोण पायजे? दिसते तं."

"एकाच्या सांगण्यावर सोयरीक करता का तुमी?"

हे तिचं नेहमीचं. आमच्याकडे पोरगी पाहायला जातात तेव्हा पोरीच्या बापाला विचारून कोणी होकार देत नाही. शेजाऱ्याला विचारतात, पाणवठ्यावर विचारतात, त्या गावात दिलेल्या आपल्या एखाद्या आत्याला विचारतात. तीन ठिकाणचं एक आलं की सुपारी फुटते. ती हाच कायदा सगळ्या दुनियेला लावायची. भाव असो, औषध असो, कोणाच्या घरातली भानगड असो. एक सांगणारा असेल तर ऐकून घ्यायची, मान हलवायची, पण मानायची नाही.

त्या बुकातली पेन्सिल वाचली तर माणसाचा पत्ता लागेल, एवढं आम्हा दोघांनाही कळत होतं. स्टँडवर एक साहेब मोटारसायकल ठेवायचे, चांगले शिकलेले. तिनं बुक त्यांच्यापुढं धरलं. साहेबांनी दोन-चार पानं चाळली आणि हसायला लागले.

"बाई, यात पत्ता वगैरे काही नाही. हा माणूस इंग्रजी शिकत होता. प्रत्येक शब्दाचं एक वाक्य बनवलंय. सगळं घरचंच. हे बघा, इथं लिहिलंय, माझी बायको..." आणि पुढचं वाचून पुन्हा हसले.

तिनं त्यांच्या हातातून बुक काढून घेतलं. साहेबांचं हसू तोंडावरच राहिलं.

"काहून वो, वाचून तर दाखवतो."

"नको जी. कोणाच्या घरातली गोष्ट हाय. त्यानं तुमच्यासाठी नाही लिहिली."

"मग वाचणार कोण?"

"मी," ती म्हणाली.

मी पंक्चर काढत होतो. मला वाटलं ही रागात बोलली. तेव्हा तिला 'ए' कोणता आणि 'बी' कोणता हेसुद्धा माहीत नव्हतं. वय चाळिशीला टेकलेलं.

अक्षरं ती स्टेशनच्या पाट्यांवरून शिकली. पिवळ्या पाटीवर एकच नाव आपल्या अक्षरात आणि इंग्रजीत लिहिलेलं असतं, हे मी रोज पाहत होतो, पण त्यात शाळा आहे हे मला कधी दिसलं नाही. आमच्या वरठीच्या स्टेशनवरची 'भंडारा रोड' आणि पुढची 'तुमसर रोड' या दोन पाट्यांत शेवटचा तुकडा सारखा आहे, म्हणजे तो 'रोड' असला पाहिजे, हे तिनं पहिल्या आठवड्यात काढलं. मग माहेरी जाताना खिडकी धरून बसली आणि प्रत्येक स्टेशनवर पाटीचं एकेक अक्षर मोठ्यानं म्हणायला लागली. डब्यातल्या बायका सरकून बसल्या. एकीनं मला हळूच विचारलं, "भाऊ, मांत्रिकाले दाखवलं का नाही?" मी लाजेनं दुसऱ्या डब्यात जाऊन उभा राहिलो. हे खरं आहे, लपवत नाही.

अक्षरं आली तरी मतलब कुठून आणायचा? बुकात एका शब्दाच्या दारात गेलं की तो दुसऱ्या शब्दाकडे पाठवायचा, दुसरा तिसऱ्याकडे. ती म्हणायची, "कचेरीत गेल्यासारखं वाटते. जो तो पुढच्या टेबलाचं नाव सांगते." तेव्हा तिनं नवाच धंदा सुरू केला. सकाळच्या गाडीला माणसं घाईत सायकली लावायची आणि ती बिल्ला हातात धरून उभी.

"पहिले सांगा, 'रिलक्टंट' म्हणजे काय?"

"बाई, गाडी येऊन राहिली!"

"येऊ द्या. सिग्नल पडाचा हाय. 'रिलक्टंट'."

"तयार नसणे, तयार नसणे! द्या वो बिल्ला!"

दुसरा म्हणायचा, नाखूष. तिसरा म्हणायचा, आळशी. ती तिघांचंही ऐकायची आणि शब्द आपल्या वहीत पुढच्या बाजूला लिहायची. वही म्हणजे सिमेंटच्या पोत्याचा कागद कापून सुतळीनं शिवलेली. पुढून कुंवारे शब्द, मागून सोयरीक झालेले. तीन ठिकाणचं जमलं नाही तोवर शब्द पुढच्याच बाजूला. कधी कधी वर्ष-वर्ष. मी विचारायचो, "तुझा तो अमका शब्द?" तर म्हणायची, "अजून कुंवारा हाय. सांगणारे बहुत झाले, पण घर पाहिलं नाही." घर पाहणं म्हणजे तो शब्द कुठल्यातरी वाक्यात बसलेला पाहणं. डाव्या-उजव्या बाजूला कोण बसलंय, त्यांच्यात तो कसा वागतो. मी सायकली पुसायला इंग्रजी रद्दी आणायचो. ती आधी रद्दी वाचायची, मग मला पुसायला द्यायची. साखळीचं तेल आणि चाकाची धूळ ओल्या हातानं पुसून मी थकलो, पण न वाचलेला कागद मिळायचा नाही.

लोक हसायचे. पहिली दोन वर्षं तर मीही हसलो. तिसऱ्या वर्षी स्टँडवरचे शिकलेले लोकच सकाळी तिला विचारू लागले, "काय ताई, आज कोणता शब्द?" आणि गाडीत बसून त्याच्यावर भांडत जायचे. संध्याकाळी परत आले की निकाल तिच्यापुढं ठेवायचे. त्यांना वाटायचं आपण शिकवतो.

मतलब लिहायची तिची रीतही तिचीच. खानेसुमारीला एक मास्तर आले होते. तिला विचारलं, "घरप्रमुखाचं नाव?"

"ते पाहा, पंक्चर काढून राहिले."

"दिसतात बाई ते. नाव सांगा."

"डाव्या हाताचं एक बोट अर्धं हाय. चहात दोन चमचे साखर सांगते अन् तिसरा आपल्या हातानं टाकून घेते. स्टेशनच्या या बाजूले असा दुसरा नाही. लिहा."

"हे कसं लिहू मी?"

मी तिथूनच ओरडून माझं नाव सांगितलं. मास्तर गेल्यावर मी तिच्यावर चिडलो. ती म्हणाली, "त्याले नाव पायजे होतं, मी मतलब सांगितला. बायकायले हे शिकवा लागत नाही. जन्मभर नाव न घेता माणूस दाखवतो आमी."

"हे तं कोडं झालं."

"कोडं लपवते. हे दाखवते."

त्या वहीच्या मागच्या बाजूला सगळे मतलब असेच आहेत. 'रिलक्टंट'च्या पुढं तिनं लिहिलं आहे, मन बसून राहते आणि पाय निघतात. 'ॲडजसंट'च्या पुढं, मधात कोणी बसू शकत नाही इतकं जवळ. 'फ्रॅजाइल'च्या पुढं, नुसतं पाहूनच हात हळू होतो. शिकलेल्या माणसांना ते दाखवले. एकानं आपल्या डायरीत उतरून घेतलं. ही बाई तिसरी शिकलेली, आणि मी तिला रोज भाजी खुड म्हणत होतो.

एक गोष्ट माझ्या विरुद्धची आहे, तीही सांगतो. त्या माणसाच्या सायकलला चांगला डायनमो होता. वर्ष-दीड वर्ष झालं, कोणी आलं नाही, तर मी तो काढून एका गिऱ्हाइकाच्या सायकलला बसवला. तिनं ते पाहिलं. संध्याकाळी ताट वाढलं, समोर बसली आणि वही उघडून म्हणाली, "थीफ. दुसऱ्याची वस्तू त्याले न इचारता घेते तो. जेवा."

मी घास ताटात ठेवला. मी म्हणालो, "तू पण त्याचं बुक वाचतेच ना न इचारता?"

"मी वाचून राहिली, तरी बुक तेवढंच हाय. तुमी डायनमो काढला. सायकल तेवढी राहिली का?"

दुसऱ्या दिवशी मी त्या गिऱ्हाइकाच्या पाया पडून डायनमो परत आणला आणि होता तिथं बसवला. त्यानंतर दर सहा महिन्यांनी ती मला त्या सायकलला तेल द्यायला लावायची. चाकात हवा भरायला लावायची. "मालक आला तं पायदल जाईन का?" म्हणायची. पिशवीतला डबा दर दिवाळीला घासून पुन्हा पिशवीत ठेवायची.

हळूहळू पेन्सिलीची वाक्यं उलगडायला लागली. ती 'ए'पासून निघाली होती आणि पुढची पानं उघडून पाहायची नाही. "कोणाच्या घरात मागच्या दारानं कायले शिरा?" असं म्हणायची. आणि मला वाटतं, पुढं पाहूनही काही कळलं नसतं. प्रत्येक वाक्य कळायला मागचे शब्द लागत होते. पण तेव्हापासून आमच्या घरात अजून एक घर राहायला आलं. जेवताना ती सांगायची, आज त्याच्या घरी गाय व्याली. आज त्याच्या आईनं सुनेला आपली नथ दिली. आज बायको दूध प्यायला तयार नाही, त्यानं दोन वेळा सांगितलं. 'एफ'मध्ये वासरू अशक्त असल्याचं वाक्य होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "मग जगलं का?"

"माहीत नाही. पुढं कुठं येईन तं येईन."

तीन वर्षं आम्ही त्या वासराची वाट पाहिली. 'एल' गेला, 'ओ' गेला. मी रात्रीच्या जेवणाला विचारायचो, ती मान हलवायची. 'एस'मध्ये एका दुपारी ती ओल्या हातानं धावत दुकानात आली. "स्टर्डी! वासरू धडधाकट झालं जी! दोर तोडते म्हणे!" गिऱ्हाईक बसलेलं होतं. त्यानं विचारलं, कोणाचं वासरू? मी म्हणालो, आमच्या पाव्हण्याचं.

पण तो गेला कुठं, हे भांडण आमच्यात कायम राहिलं. 'क्यू'मध्ये एक वाक्य निघालं, रविवारी सकाळी मी आणि बायको भांडतो. मला जोर आला.

"पाह्य, भांडण होतं. पळाला."

"आपण रोज भांडतो. तुमी कुठं पळाले?"

तिच्याकडे त्याच्या बाजूचे साक्षीदार जमत होते. 'फ्रॅजाइल'खाली त्यानं लिहिलं होतं, काचेच्या बांगड्या पिशवीत ठेवणार नाही, हातात धरून नेईन. 'रिपेअर'खाली, पुढच्या रविवारी पावसाआधी छपराचे कवेलू फेरायचे आहेत. आणि 'टी'मध्ये कुठंतरी, आईला दात दुखतो, शनिवारी लवंगेचं तेल नेतो. ज्या दिवशी तिसरं सापडलं, त्या दिवशी तिनं वहीत मागच्या बाजूला, जिथं फक्त शब्द असायचे तिथं, एक अख्खी ओळ लिहिली. तो पळून गेला नाही. आणि मला म्हणाली, "त्या घरी कोणीतरी हे आयकाची वाट पाहून राहिलं असन. गाव त्याले पळपुटा म्हणत असन. तुमच्यासारखे बहुत हायत."

म्हणजे आता बुक पोचवायचं होतं. कुठं, एवढंच राहिलं होतं. त्याचेही दोन साक्षीदार तिच्याकडे केव्हाच होते. 'ब्लास्ट'खाली, दुपारी खाणीत सुरुंग उडतो तेव्हा आमच्या फळीवरची भांडी वाजतात. 'नेबर'खाली, आमचा शेजारी जंगलखात्याचा गार्ड आहे, त्याची आणि आमची भिंत एक. खाण आणि जंगल, म्हणजे नाकाडोंगरीकडचा भाग. तो तिच्या माहेराचाच टापू. पण त्या भागात अशी गावं आठ-दहा. चार वर्षांपूर्वी ती म्हणाली होती, "चला, गावोगाव फिरून इचारू."

मी काय म्हणालो ते लिहितो. मी म्हणालो, "दोन साक्षीदारांवर सोयरीक करतं का कोणी? तूच सांगते ना, तीन पायजे?"

तिनं बोटांवर साक्षीदार मोजले. मग म्हणाली, "बरोबर हाय," आणि पुन्हा बुक घेऊन बसली. तिचाच कायदा होता, तिला मोडता येईना. मला कायद्याचं काही पडलं नव्हतं. मला स्टँड सोडून जंगलात फिरायचा कंटाळा होता. एवढीच गोष्ट. चार वर्षं त्या घरातल्या माणसांनी अजून वाट पाहिली, ती माझ्या कंटाळ्यापायी.

तिसरा साक्षीदार त्या माघाच्या संध्याकाळी निघाला, बुक संपायला आठ-दहा पानं उरलेली असताना. 'यार्ड'खाली. भाजी खुडता खुडता तिनं मला वाचून दाखवलं. आमच्या अंगणात मोहाचं झाड आहे, त्याला रुळाचा तुकडा टांगला आहे, शाळेला इमारत नव्हती तेव्हा वर्ग इथंच भरायचा.

"मले माहीत हाय ते झाड," ती म्हणाली. "मावशीच्या गावाले जाताना रस्त्यात लागते. लहानपणी मी दगड मारला होता त्या रुळाले. टणकन वाजला, मास्तर पाठीमागं लागला." आणि हसली. पदरानं तोंड झाकून नाही, मोकळी हसली. "एवढ्या इंग्रजीतून हिंडून मावशीच्याच रस्त्यावर आली पाहा मी."

मी म्हणालो, "बरं. उद्या जाऊ." एवढं म्हणालो, हे एक बरं झालं.

दुसऱ्या दिवशी तिला नेलं. स्टँडवरचे सगळे आले होते, गाडी सोडून. तिला बिल्ल्यासाठी शब्दांचे मतलब सांगणारे, मोठे मोठे हुद्द्याचे लोक, घाटावर उभे होते. पोरगी शहापूरहून आली होती. 

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली, कोपऱ्यातली ती सायकल बाहेर काढली, हवा पाहिली. पिशवी कॅरिअरला बांधली, डबा, दुपट्टा, बुक सगळं होतं तसं. तिची वही शर्टाच्या आत ठेवली. पोरगी दारात आली.

"बाबा, कुठं जाऊन राहिले?"

"बुक द्यायले."

"सुतकात? अजून राख सावडाची हाय. कोणाच्या दारी जाऊ नये बाबा, लोकं काय म्हणतीन?"

"दारात नाही जात. कुंपणाबाहेर उभा राहीन."

"चार दिवसांनी गेले तं नाही चालत का?"

मी म्हणालो, "चार वर्षं चाललं, पोरी." ती बाजूला झाली.

सायकल ब्रेकव्हॅनमध्ये चढवली. तुमसर रोडला गाडी बदलली, गोबरवाहीला उतरलो. तिथून तिच्या मावशीच्या गावच्या रस्त्यानं सायकल चालवत गेलो. इतक्या वर्षांत त्या सायकलवर मी पहिल्यांदा बसलो. कोणाला गाव विचारलं नाही. जंगलखात्याचं क्वार्टर दिसलं, त्याला लागून मातीची भिंत, आणि अंगणात मोह. रुळाचा तुकडा गंजून लाल झाला होता, पण होता. मी कुंपणाबाहेर सायकलवरून उतरलो.

एक बाई धान वाळवत होती. पंचेचाळीसच्या आसपासची. कपाळावर कुंकू, हातात बांगड्या. तिनं मला पाहिलं नाही, सायकल पाहिली. हातातलं सूप खाली ठेवलं आणि तिथंच उभी राहिली.

मी म्हणालो, "बाई, माझ्या घरी सुतक हाय, आत नाही येत. वरठी स्टेशनवर माझं सायकल स्टँड हाय. ही तिथं राहिली होती. तुमच्या मालकानं शनिवारी ठेवली अन् गेला. पुढचं मले माहीत नाही. हे बुक त्याचं."

ती कुंपणापर्यंत आली. हँडलवर हात ठेवला.  मग विचारलं ते एवढंच, "जाणार होते असं लिहिलं हाय का त्याच्यात?"

"नाही."

"तुमी वाचलं?"

"माझ्या घरधनीणीनं वाचलं. शेवटची आठ-दहा पानं तेवढी राहिली. काल तिले नेलं आमी."

त्या बाईनं माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला आणि सुतक-बितक न पाहता कुंपणावरून माझ्या हातात दिला. "मले नाही येत इंग्रजी," ती म्हणाली. "मी म्हणायची, अवो, काय लिहिता एवढं? ते हसायचे."

मी पाणी प्यालो, चष्मा लावला आणि वही उघडली. वाचलेली त्याची सगळी वाक्यं तिनं मराठीत उतरवून ठेवली होती, एकही सोडलं नव्हतं. प्रत्येकाच्या वर शब्द आणि शब्दापुढं तिचा मतलब. मला मराठी वाचता येतं. मी पहिल्यापासून वाचायला लागलो.

"ॲबसेंट. नाही असं नाही. इथं नाही."

मग त्याचं वाक्य. "मी शनिवारी यायला उशीर केला तर माझी आई दोन वेळा दार उघडून पाहते."

"दोन वेळा नाही," ती बाई म्हणाली. "चार वेळा. आतापण पाहते. थांबा, त्यायले आणते बाहेर."

तिनं म्हातारीला हाताला धरून आणलं, मोहाखाली पाट ठेवून बसवलं आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाली, "आई, यायनं लिहिलेलं आयका." मग मला म्हणाली, "जोरानं वाचा भाऊ, त्यायले कमी आयकू येते."

मी कुंपणाबाहेरून जोरानं वाचायला लागलो. शेजारचा गार्ड बाहेर आला, रस्त्यानं जाणारे दोघं-तिघं थांबले. मी थांबलो नाही. दुपारी खाणीत सुरुंग उडाला आणि आत फळीवरची भांडी वाजली, तेव्हा मी 'बी' संपवून 'सी'ला आलो होतो.